नीलचा बायोडाटा

डोहाळजेवणाला पाच भात हवेत, यावर दोन्ही जावांचं एकमत होतं. कोणते पाच, यावर सकाळी सातपासून जुंपली होती.

रत्नाकाकूंनी पुणेरी शिस्तीनं यादी करून फ्रिजवर लावली होती: साखरभात, नारळीभात, वांगीभात, मसालेभात, दहीभात. सुहासिनीबाईंनी चष्मा कपाळावर सरकवून, नाक कागदाला लावून ती वाचली.

"आणि गोळाभात?"

"वहिनी, चाळीस माणसांना गोळे कोण वळत बसणार?"

"मी वळते नं! सून माझी, नातवंड माझं, आणि नागपूरचा एक भात नाही? वर हे दोन-दोन गोड भात कशाला बाप्पा?"

नारळीभात उडाला, गोळाभात आला. सुहासिनीबाई जिंकल्याच्या आनंदात डाळीचं पीठ भिजवायला बसल्या. लेकाच्या घरी पहिलं बाळ येणार म्हणून तीनच आठवड्यांपूर्वी त्या नागपूरहून आल्या होत्या. ईशान-हिमानीचं अपार्टमेंट दोन खोल्यांचं, म्हणून कार्यक्रम धाकट्या दिरांच्या, म्हणजे अरुणकाकांच्या टेक्सासमधल्या प्लेनोतल्या मोठ्या घरी.

एरवी रत्नाकाकू एवढ्या सहजी माघार घेत नसत. एक्केचाळीस वर्षं अमेरिकेत काढूनही त्यांच्यातलं सदाशिव पेठेचं पाणी आटलेलं नव्हतं. पण आज त्यांच्या पोटात एक गोष्ट मावत नव्हती, आणि ती सांभाळताना भाताकडे लक्ष नव्हतं.

गोष्ट नीलची होती. त्यांचा एकुलता एक नील, वय एकतीस. फेब्रुवारीत जर्सी सिटीतल्या कंपनीनं त्याला काढलं, नदीकाठचं भाड्याचं घर सुटलं आणि पोरगं दोन बॅगा घेऊन आपल्या जुन्या खोलीत परत आलं. तेव्हापासून रोज सकाळी सातला लॅपटॉप घेऊन निघायचा. "लायब्ररीत बसून अप्लाय करतो, आई." चार महिने अप्लायच चाललं होतं. संध्याकाळी त्याची गाडी आली की अरुणकाका पेपर जरा जास्त उंच धरत.

आणि एप्रिलमधल्या एका रविवारी, अंगणातल्या टेबलावर साबुदाण्याच्या पापड्या घालायला रत्नाकाकूंनी रविवारचा पेपर पसरला, तर डोळ्यांसमोर ईशानच्या कंपनीचं नाव! सीनियर डेटा इंजिनियर पाहिजे. जागा: प्लेनो. बायोडाटा पोस्टानं पाठवावा. पुतण्या जिथे कामाला, तिथेच लेक! दोघे भाऊ एका गाडीतून जातील, एका डब्यातलं खातील. आजच्या काळात पोस्टानं कोण मागवतं, हा प्रश्न त्यांना पडला होता. पण कंपनी जुन्या वळणाची असेल, चांगलंच आहे, म्हणून त्यांनी तो बाजूला सारला. पापड्या राहिल्या बाजूला. त्यांनी कात्री आणली, कॉम्प्युटरवरचा 'नील बायोडाटा फायनल' छापला, वर स्वतःच्या वळणदार अक्षरात चिठ्ठी लिहिली आणि तिकीट चिकटवून मोकळ्या झाल्या. कुणाला म्हणजे कुणाला सांगितलं नाही. झालं तर सरप्राइज, नाही झालं तर पोराचा आणखी एक नकार वाचला.

आणि परवा, गुरुवारी, कंपनीतून चक्क घरच्या फोनवर फोन आला होता.

---

गॅरेजमध्ये ईशान आणि नील घडीच्या खुर्च्या पुसत होते. टेक्सासचा जून, सकाळचे नऊ, आणि गॅरेजची भट्टी झालेली.

"दादा, तू तीच चेअर तीन वेळा पुसलीस," नील म्हणाला. "काय झालंय?"

ईशाननं घराच्या दाराकडे पाहिलं. "हिमानीला सांगायचं नाही. आज तर नाहीच."

"प्रॉमिस."

"माझं लेबर अडकलंय."

नील इथेच जन्मलेला. ग्रीनकार्ड हा शब्द त्यानं लहानपणापासून प्रत्येक पार्टीत, प्रत्येक काकांच्या तोंडून ऐकला होता, पण ते कार्ड लागत कसं हे त्याला कधी विचारावंच लागलं नव्हतं. ईशान खुर्चीवर टेकला.

"ग्रीनकार्डाची पहिली पायरी म्हणजे लेबर. कंपनीनं सरकारला दाखवायचं की या कामाला इथला माणूस मिळत नाही. त्यासाठी माझ्याच खुर्चीची जाहिरात द्यायची. दोन रविवार, पेपरात. मी त्याच खुर्चीत बसून काम करायचं आणि जाहिरातीत नाक खुपसायचं नाही."

"दॅट्स सो वीअर्ड, यार."

"वीअर्ड तर वीअर्ड. या कामाला पगार किती असावा, एवढं ठरवून द्यायला सरकारनं सात महिने लावले. मग जाहिरात झाली. महिनाभर शांतता. मी म्हटलं, सुटलो. आणि काल कंपनीच्या वकीलबाईंचा फोन. एक अर्ज आलाय. इथलाच सिटिझन. एवढंच सांगू शकते म्हणाल्या."

"मग? येऊ दे की एक अर्ज."

"तो माणूस त्या कामाला योग्य असेल आणि त्याला ते हवं असेल, तर माझा अर्ज करताच येत नाही. काही महिने थांबा, पुन्हा पहिल्यापासून. आणि माझ्याकडे तेवढे महिने नाहीत, नील. हा जुलै संपायच्या आत कागद सरकारकडे गेला नाही, तर पुढच्या जुलैला व्हिसाची सहा वर्षं भरतात. वाढवून मिळत नाही. अकरा महिन्यांचं बाळ घेऊन आम्ही विमानात." ईशान कसनुसा हसला. "आधीच्या, जॉर्जियातल्या अल्फारेट्याच्या कंपनीनं 'पुढच्या क्वार्टरला करू, पुढच्या क्वार्टरला करू' म्हणत तीन वर्षं खाल्ली. ती असती तर..."

"कोण असेल रे तो डूड?"

"असेल कुणीतरी गरजू. शिव्या तरी कशा देऊ? त्यालाही घर असेल."

नीलनं मान हलवली आणि चार खुर्च्या एकदम उचलल्या. खिशातल्या फोनवर गुरुवारपासून एक न वाचलेली ईमेल पडून होती. नोकरीच्या ईमेली तो हल्ली उघडतच नसे. आणि त्याच्या गाडीच्या डिकीत, जुन्या ब्लँकेटखाली, चमकत्या पट्ट्यांचं एक केशरी जॅकेट होतं. त्याबद्दल घरात कुणालाच ठाऊक नव्हतं.

---

अकरापर्यंत घर फुललं. झोपाळ्याला झेंडूच्या माळा, झोपाळ्यावर हिमानी. हिरवी साडी, हिरवा चुडा, शेजारच्या कांचनवहिनींनी पहाटेपासून बसून ओवलेले फुलांचे दागिने. सातव्या महिन्यातली हिमानी मुळात गोलमटोल, त्यात फुलांचा मुकुट. बघणारीला दृष्ट काढावीशी वाटत होती आणि सुहासिनीबाईंनी ती दोनदा काढलीही होती.

"नाव घे, नाव घे!" बायकांनी गलका केला.

हिमानी आयटीतली असली तरी उखाण्यात कच्ची नव्हती. तिनं नवऱ्याकडे एक तिरका कटाक्ष टाकला आणि सुरू केलं:

"हिरवी साडी, हिरवा चुडा, हिरवे खण दोन,
ईशानरावांचं हिरवं कार्ड छापेल मेलं कोण?"

घर हसून कोसळलं. तिथल्या निम्म्या बायका त्याच रांगेत होत्या. कुणी आठ वर्षं, कुणी बारा. "अगं, पोटातलं बाळच एकवीस वर्षांचं झालं की आईबापांचं कार्ड करेल," कांचनवहिनी ओरडल्या. "रांग आधी सरकते का बाळ आधी, पैज लावा!"

"बाळ! बाळ!" चारी बाजूंनी आवाज आले.

"आमच्या वेळी दीड वर्षात पोस्टानं आलं हो," अरुणकाका कोपऱ्यातून म्हणाले. हे वाक्य ते दर समारंभाला म्हणत.

ईशानही हसत होता, पण नुसतं तोंडानं. आणि नेमका हाच मुहूर्त रत्नाकाकूंना सापडला. त्यांनी पळीनं पातेलं वाजवलं.

"ऐका, ऐका! आज आमच्याकडे दुसरीही गोड बातमी आहे. नील, इकडे ये. गुरुवारची ईमेल बघितलीस का रे?"

"कुठली ईमेल?"

"उघड तर! त्या बाईंचा घरी फोन आला होता. मीच तुझा ईमेल दिला त्यांना. म्हटलं, आजच्या दिवशी सगळ्यांसमोर उघडू दे."

नीलनं फोन काढला. वाचता वाचता त्याच्या भुवया वर वर गेल्या. मग त्यानं जोडलेला कागद उघडला आणि डोळे मिटले.

"आई. तू काय पाठवलंस?"

"तुझा बायोडाटा! दुसरं काय?"

कांचनवहिनींनी त्याच्या खांद्यावरून डोकावलं आणि त्यांना मोह आवरला नाही. "नाव: चिरंजीव नील अरुण देवपुजारी," त्या खड्या आवाजात वाचू लागल्या. "जन्मवेळ: पहाटे चार वाजून सात मिनिटं. रास: वृश्चिक. नाडी: मध्य. वर्ण: निमगोरा. अगं बाई, रत्नाकाकू! अपेक्षा: मुलगी सुशिक्षित, मनमिळाऊ, शक्यतो शाकाहारी!"

आणि मग जो हशा उसळला, त्यात झोपाळ्याच्या कड्याही वाजल्या. रत्नाकाकूंचा हात तोंडावर गेला. बायोडाटा म्हणजे बायोडाटा! लग्नाचा वेगळा आणि नोकरीचा वेगळा, दोन फायली एकाच नावाच्या, हे छापताना कुणाच्या ध्यानात येतंय?

"थांबा, चिठ्ठी पण आहे," कांचनवहिनी डोळे पुसत म्हणाल्या. "'हा आपल्या ईशान देवपुजारी यांचा कझिन ब्रदर आहे. काइंडली डू द नीडफुल.'"

"आणि कंपनी म्हणते," नीलनं पुढचं वाचलं, "काही भाग आम्हाला समजला नाही. व्यवसायात आठ वर्षं सॉफ्टवेअर असं दिसतं. तुम्हाला या जागेत रस आहे का? सोमवारपर्यंत कळवा."

"'आजोबा: कैलासवासी वामनराव, रेल्वेत अधिकारी,'" कांचनवहिनींनी आणखी एक ओळ टिपली.

"अण्णा अधिकारी कधी झाले?" अरुणकाकांनी हळूच विचारलं.

"श्श! बायोडाटात असंच लिहितात," रत्नाकाकू पुटपुटल्या.

या सगळ्या गोंधळात फक्त ईशान हसत नव्हता.

"काकू," तो म्हणाला. "जाहिरात कुठल्या कंपनीची?"

"अरे, तुझ्याच की! म्हणून तर पाठवला."

ईशाननं नीलकडे पाहिलं. नीलच्या चेहऱ्यावरचं हसू सावकाश उतरलं. गॅरेजमधल्या बोलण्यातला 'तो डूड' कोण, ते दोघांना एकाच वेळी कळलं होतं.

---

प्लेनोतल्या एवढ्या ऐसपैस घरात भांडायला निवांत जागा एकच होती: धुणं धुवायची खोली. बाहेर कांचनवहिनींनी पानं मांडायला घेतली आणि आत, वॉशर आणि ड्रायरच्या मध्ये, देवपुजारी कुटुंब उभं राहिलं. ईशाननं सगळं सांगितलं. सांगून होईतो दार उघडून हिमानीही मुकुटासकट आत शिरली होती.

"मला कालच कळलं होतं काहीतरी झालंय," ती म्हणाली. "तू झोपेत मान हलवत होतास. आता पहिल्यापासून सांग."

त्यानं पुन्हा सांगितलं. ती ड्रायरला टेकून ऐकत राहिली.

"रत्ना!" सुहासिनीबाईंचा आवाज चढला. "अगं, कोणाला एक शब्द विचारायचा होता नं! माझ्या पोराच्या खुर्चीवर तू आपला पोरगा बसवून राहिली?"

"मला काय माहीत ती त्याचीच खुर्ची! पेपरात लिहिलं होतं का?" रत्नाकाकूंना रडू फुटायच्या बेतात होतं, आणि रडू आलं की त्यांना राग येई. "आमच्या काळी नोकरीची जाहिरात म्हणजे नोकरीची जाहिरात!"

"भांडू नका," अरुणकाका म्हणाले. सगळ्या गोष्टींवर त्यांच्याकडे सरळ उपाय असे. जन्मभर पूल बांधले होते. "सोपं आहे. नील लिहून टाकेल, मला रस नाही. संपला विषय."

"नाही काका," ईशान म्हणाला.

"का नाही?"

"असं कुणी त्याला सांगायचं नाही. सरकार एवढंच विचारतंय की या कामाला इथला माणूस आहे का. आहे. चार महिने घरी बसलाय, आठ वर्षांचा अनुभव आहे, माझ्याइतकाच हुशार आहे. तो माझा भाऊ निघाला म्हणून मी त्याला गप्प बसवू?" त्यानं खिशातून फोन काढला. "मी आज वकीलबाईंना सगळं खरं कळवणार. नील, तुला हवी असेल तर हो म्हण. माझ्याकडे बघू नकोस."

"अरे, बाळाचा विचार कर!" अरुणकाका ओरडले.

"बाळाचाच करतोय."

सगळ्यांनी हिमानीकडे पाहिलं. तिच्या डोळ्यांत पाणी होतं. तिनं मनगटावरची निसटलेली फुलांची वाकी वर सारली. "मला राहायचंय इथं," ती म्हणाली. "खोटं कशाला बोलू? खोली रंगवून झालीय. पण नील, उद्या तू मनातून कुढत राहिलास आणि आम्ही दर दिवाळीला तुझ्यासमोर फराळाला बसलो, ते मला नाही जमायचं. ईशान बरोबर बोलतोय."

आणि तेव्हा रत्नाकाकूंच्या तोंडून ते निघून गेलं. "मग... त्याला खरंच मिळत असेल तर मिळू दे की."

सुहासिनीबाई जावेकडे बघत राहिल्या. रत्नाकाकूंनी लगेच जीभ चावली, पण पुढचं थांबेना. "मी त्याची आई आहे, वहिनी. तुमच्यासारखीच. रोज सातला तो डबा घेऊन जातो आणि संध्याकाळी डबा तसाच परत आणतो. मला बघवत नाही हो."

सुहासिनीबाई काही तरी जहरी बोलणार होत्या. पण त्यांच्याही लेकानं अल्फारेट्याला असाच तीन वर्षं "सगळं ठीक आहे, आई" म्हणून फोन ठेवला होता. त्यांनी नुसता पदर सावरला.

"कॅन आय से समथिंग?" नील म्हणाला.

"मराठीत," अरुणकाका म्हणाले.

"ओके. मराठीत. मला ती नोकरी नको आहे."

"त्याग करू नकोस," ईशान म्हणाला.

"त्याग नाही रे, दादा! ऐक ना. मला तसली कुठलीच नोकरी नको. फेब्रुवारीत मला काढलं ना, तेव्हा वाईट वाटायला हवं होतं. मी घरी जाऊन दहा तास झोपलो. आठ वर्षं मी कोणासाठी काय करत होतो, मला सांगता येत नव्हतं. मी लायब्ररीत जात नाही, आई. डबा परत येतो कारण आमच्या कॅन्टीनमध्ये टॅको मिळतात."

"कुठल्या कॅन्टीनमध्ये?"

"डेपोच्या." नीलनं वडिलांकडे पाहिलं आणि पटकन नजर वळवली. "मी ट्रेन चालवायला शिकतोय. इथली लाइट रेल. सहा आठवडे झाले. पगार, इन्शुरन्स, सगळं आहे. पुढच्या महिन्यात टेस्ट. दार उघडलं की माणसं उतरतात, बाबा. कुणी कामाला, कुणी डॉक्टरकडे. मला दिसतं मी काय केलं ते. तुम्हाला सांगायची हिंमत झाली नाही. तुम्ही एवढ्या लांब आलात, आणि मी..."

ड्रायरनं नेमकी तेव्हाच लांबलचक शिटी वाजवली आणि सगळे दचकले.

अरुणकाकांना भुसावळची रेल्वेची चाळ दिसत होती. अण्णा, त्यांचे वडील, इंजिन ड्रायव्हर. ड्यूटीवरून आले की नखांतला कोळसा साबणानं निघायचा नाही. शाळेतली पोरं अरुणला 'कोळशाचा' म्हणायची, आणि अरुणनं आठवीत असताना ठरवलं होतं की आपण या रुळांपासून लांब, जेवढं जाता येईल तेवढं लांब जायचं. गेले. इतके लांब गेले की बायकोनं बायोडाटात वडिलांना अधिकारी करून टाकलं तेव्हा त्यांनी हूं की चूं केलं नाही. त्याची आज त्यांना लाज वाटली.

"सिग्नल तोंडानं बोलायला लावतात का रे?" त्यांनी विचारलं.

"काय?"

"सिग्नल दिसला की मोठ्यानं बोलायचा. अण्णा बोलायचे, त्यांचा फायरमन बोलायचा. दोघांनी एकच बोललं तर पुढं."

नीलचा चेहरा उजळत गेला. "लावतात! इन्स्ट्रक्टर बाजूला बसते. प्रत्येक सिग्नल मोठ्यानं म्हणायचा. तुम्हाला कसं माहीत?"

"मला नाही तर कोणाला? अण्णा घरीसुद्धा तसंच. आईनं ताट वाढलं की पाटावर बसायचे, ताटाकडे बघायचे आणि म्हणायचे, 'लाइन क्लियर!' मग पहिला घास." अरुणकाकांनी लेकाच्या पाठीत एक थाप घातली. "गाढवा, सहा आठवडे मला सांगितलं नाहीस. मी रोज तुझ्या गाडीचा आवाज ऐकून पेपर तोंडासमोर धरत होतो. मला वाटलं, तुला माझ्याकडे बघवत नसेल."

"मला वाटलं, तुम्हाला माझ्याकडे बघवत नाही."

"दोघंही येडे," सुहासिनीबाई म्हणाल्या आणि पदरानं डोळे टिपले. "सासरे वरतून पाहून राहिले असतील नं, तर म्हणत असतील, तिसऱ्या पिढीत एक तरी शहाणा निघाला."

रत्नाकाकूंनी लेकाचा दंड धरला. "ट्रेन? म्हणजे ती स्टेशनातली पिवळी-पांढरी? तिच्यात पुढे तू?"

"पुढे मी, आई."

"टोपी असते का?"

"नाही. केशरी जॅकेट असतं. डिकीत आहे."

"डिकीत काय ठेवतोस, चुरगळेल ना!" त्या रडत रडत म्हणाल्या, आणि मग हिमानीला इतकं हसू आलं की तिला पोट धरून ड्रायरवर बसवावं लागलं.

ईमेल नीलनं तिथेच लिहिली. कुणी मदत करायची नाही, कुणी वाचायची नाही, असं ईशाननं बजावलं आणि सगळ्यांना भिंतीकडे तोंड करून उभं केलं. सहा माणसांपैकी पाच माणसं भिंतीकडे तोंड करून उभी, एक फुलांच्या मुकुटासकट. नीलनं तीन ओळी लिहिल्या, खऱ्या तेवढ्याच. हा कागद मी पाठवलेला नाही. मला या जागेत रस नाही, मी दुसरं काम स्वीकारलं आहे. आणि 'अपेक्षा' हे सदर कृपया दुर्लक्षित करावं.

बाहेर पानं वाढून झाली होती. हिमानीपुढे दोन पालथ्या वाट्या ठेवल्या. एकीखाली पेढा, एकीखाली बर्फी. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. हिमानीनं डावी उचलली. बर्फी! टाळ्या पडल्या. कांचनवहिनींनी उगाच म्हणून दुसरी उचलली. तिच्याखालीही बर्फी.

"पेढा कोण ठेवणार होतं?" कांचनवहिनींनी विचारलं.

दोघी जावा एकमेकींकडे बघायला लागल्या. एक वाटी रत्नाकाकूंनी भरली होती, एक सुहासिनीबाईंनी. पेढा दुसरी ठेवेल, असं दोघींनी मनाशी धरलं होतं.

"वहिनी, तुम्हाला पण नातच हवी?"

"मग! गोळे वळायला कोण शिकणार माझ्याजवळून? हा?" सुहासिनीबाईंनी ईशानकडे हात केला. मग त्यांनी एक बर्फी उचलली, अर्धी केली आणि अर्धी जावेच्या तोंडात कोंबली.

---

वकीलबाईंनी चिठ्ठीसह सगळं ऐकून घेतलं. आणि मग 'नाडी मध्य' म्हणजे काय ते विचारलं. नीलचं उत्तर, ईशानचं नातं, रत्नाकाकूंची करामत, सगळं रीतसर नोंदवलं गेलं.

जुलैच्या बावीस तारखेला, मंगळवारी दुपारी, अरुणकाका आणि रत्नाकाकू कॉम्प्युटरपुढे बसले होते. 'नील बायोडाटा फायनल' उघडला होता. नील त्याच आठवड्यात परीक्षा पास झाला होता.

"व्यवसाय खोड," अरुणकाका म्हणाले. "लिही, ट्रेन ड्रायव्हर."

"रेल ऑपरेटर लिहू? जरा बरं वाटतं."

"ड्रायव्हर."

रत्नाकाकूंनी लिहिलं.

"आता आजोबांची ओळ. अधिकारी खोड."

या वेळी त्यांनी वाद घातला नाही. एकेक अक्षर खोडत गेल्या आणि नवीन लिहिलं: कैलासवासी वामनराव देवपुजारी, इंजिन ड्रायव्हर, भुसावळ. दोन ओळी एकीखाली एक बसल्या. अरुणकाका बराच वेळ त्या वाचत राहिले.

फोन वाजला. ईशान होता, आणि मागून हिमानी आणि सुहासिनीबाई एकदम बोलत होत्या. "काका, अर्ज गेला! आत्ता, दहा मिनिटांपूर्वी. सरकारकडे पोचला. रांगेत आजची तारीख लागली आम्हाला, आता व्हिसाही वाढवून मिळेल."

"लाइन क्लियर!" अरुणकाका एवढ्या जोरात ओरडले की रत्नाकाकूंच्या हातून माऊस पडला.

"क्लियर कसली, काका?" ईशान हसत होता, आणि या वेळी नुसतं तोंडानं नव्हे. "सरकार हा कागद बघायलाच वर्ष-दीड वर्ष लावेल. मग खरी रांग. वकीलबाई म्हणाल्या, किती वर्षं ते विचारू नका. बाळच जिंकणार बहुतेक. आम्ही नुसते सिग्नलला उभे आहोत."

"उभे आहात ना?" अरुणकाका म्हणाले. "मग झालं तर. अण्णा मनमाडच्या बाहेर सहा-सहा तास उभे असायचे. डबा काढायचे, जेवायचे, फायरमनला गोष्टी सांगायचे. गाडी रुळावर आहे तोवर ड्रायव्हरनं घाबरायचं नसतं. आज रात्रीचं जेवण इकडे. वहिनींना म्हणावं, गोळाभात करा."